बोलावण्याचं बटण

विश्रामबाग, सांगली
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

डबा पोचला. पिशवी हातात देताना तुमच्या एसटीचे बिराप्पा कंडक्टर म्हणाले, "कॉलेज सुटून इतकी वर्सं झाली, आन अजून आत्याचाच डबा खातुस व्हय रं? लगीन कर की." मी म्हटलं, लग्न केलं तरी डबा बंद होणार नाही, फक्त दोघांचा येईल. खर्डा जहाल होता. ऑफिसातल्या सोनमने नुसतं बोट लावलं आणि मग बराच वेळ कुणाशी बोलली नाही.

आता कामाचं. दिवाळीत तू विचारलं होतंस, तुझी ती तारा अजून जिवंत आहे का. जिवंत कसली, राज्य करतेय. तुला पुन्हा एकदा समजावतो, कारण मागच्या वेळी तू मधेच कणीक मळायला उठलीस. आमच्या गेममध्ये खेळणाऱ्याची एक टोळी असते. लढाईत टोळी अडचणीत आली, की बटण दाबून एखाद्या वीराला बोलावता येतं. त्यातली तारा म्हणजे तू. खांद्याला तुझी ती कंडक्टरची कातडी पिशवी, त्यातून पट्टी काढायची, जखमी माणूस उभा करायचा आणि पुढच्याकडे पळायचं. स्वतः कुणाला मारत नाही, कधी दमत नाही, आणि येताना तुझ्याच आवाजात म्हणते, "आले रं, आले." तो आवाज मी गेल्या वर्षी तुझ्या स्वयंपाकघरात फोनवर टिपला होता. मागे कुकरची शिट्टी आहे, लोकांना तीसुद्धा आवडते.

या गेमच्या दुनियेत एक रीत आहे. एखादं पात्र लोकांच्या गळ्यातला ताईत झालं, की त्याचं दुसरं रूप काढायचं. बंडखोर रूप. चेहरा तोच, अंग तेच, पण आयुष्यात कुठेतरी वाट फिरलेली. इमानी सरदार त्या रूपात धन्यावरच तलवार उपसतो, देवळाची रखवालदारीण देऊळच पेटवते. खेळणारे या रूपांसाठी जीव टाकतात. आमच्या मालकीण संयोगिता मॅडम म्हणतात, आता ताराचं बंडखोर रूप हवं. चित्रकाराने काळी साडी, लाल डोळे, मनगटात तुटक्या साखळ्या असं काढूनही टाकलं. लिहायचं माझ्याकडे आहे, आणि मला एक ओळ सुचत नाही. कारण तुझं बंड माझ्या डोळ्यांपुढे येतच नाही. तेव्हा तूच सांग, तू बंड केलंस तर काय करशील?

आवाज तुझाच लागेल, त्यासाठी एक दिवस सांगलीला यावं लागेल. आणि तिचं नावही तूच ठेवायचं. पोराच्या कानात कुर्र करायचा हक्क आत्याचा. माझं नाव तू ठेवलंस, हिचंही ठेव.

आजी ऑपरेशन होऊन घरी आली. खुब्याचं हाड बसवलंय, पण अजून पलंगावरच असते. एक बाई दिवसभर तिचं बघतात. बाबा शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचतात आणि महत्त्वाच्या बातम्या तिला ओरडून सांगतात. आई शाळेतून आली की स्वयंपाकाला लागते. तू फोन का करत नाहीस म्हणून ती विचारत होती.

तुझा,
प्रबुद्ध


वाई
१४ नोव्हेंबर

प्रिय प्रबुद्ध,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

काळी साडी मला शोभते, ती राहू दे. लाल डोळे काढायला चित्रकाराला एवढे कष्ट कशाला, डबल ड्युटी झाली की ते आपोआप होतात. साखळ्या मात्र नकोत. गर्दीच्या गाडीत अडकतात कुठेतरी.

बंड म्हणजे भांडण असेल तर तुझ्या आत्याकडे माल भरपूर आहे. लिहून घे. "मागं सरका, मागं काय वाघ बसलाय का?" "पोरगं पाच वर्सांचं म्हनताय, मिशा फुटल्यात त्याला." "उतरायचं आदी सांगायचं असतं, मी काय मनकवडी हाय?" यातलं जे तुझ्या बाईच्या तोंडी शोभेल ते घाल. तुझ्या राक्षसांना पण मागे सरकवेल ती.

वहिनीला सांग, मी फोन टाळते त्याला कारण आहे. फोन कानाला लागला की समोरच्याने काय विचारलंय ते कळायच्या आधी माझ्या तोंडून "येते" निघून जातं. मग रजा काढा, पिशवी भरा, गाडी पकडा. कागदावर तसं होत नाही. पेन जरा थांबतं, तेवढ्यात माणसाला विचार करता येतो. म्हणून तुझं माझं हे डब्यातलं टपाल मला बरं वाटतं.

आता एक बातमी, आणि ती तुझ्यापुरतीच ठेव. मी खात्याची परीक्षा पास झाले. एक जानेवारीला खंडाळ्याच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून हजर व्हायचंय. आपलं साताऱ्याकडचं खंडाळा हं, लोणावळ्याशेजारचं नव्हे, इथे डेपोतसुद्धा सगळे तेच विचारतात. काचेच्या खोलीत बसायचं, आल्या गाडीची नोंद करायची, फलाटाला लावायची आणि माइकवरून पुकारायचं. त्या तारखेला हजर झाले नाही तर नंबर पुढच्या माणसाला जातो. मागे एकदा परीक्षेच्या दिवशी तुला टायफॉइड झाला होता आणि मी तुझ्या उशाशी बसले होते. त्याचं दुःख नाही, तू जगलास, लठ्ठ झालास. पण माझं वय बघता ही माझी शेवटची गाडी आहे, आणि मला ती पकडायची आहे. घरी इतक्यात बोलू नको. हजर झाले की मीच सांगेन.

एक डिसेंबरला माझी सुट्टी आहे. सकाळच्या गाडीने येते, आवाज देते, आईला भेटते, संध्याकाळी परत. सोमवारी ड्युटी आहे.

तुझी,
आत्या


सांगली
२० नोव्हेंबर

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

कंट्रोलर साहेबांना कडक सलाम. पत्र वाचून मी ऑफिसात एकटाच हसत होतो, सोनमला वाटलं पगारवाढ झाली. तोंडाला कुलूप लावलंय, काळजी करू नको.

एक तारखेसाठी आवाज टिपायची खोली ठरवून ठेवली. मॅडम स्वतः येणार आहेत. तुझं "मागं काय वाघ बसलाय का" त्यांना फार आवडलं, पण त्या म्हणतात हे बंड नाही, हा नुसता स्वभाव झाला. बंड म्हणजे ज्याच्यासाठी जन्म घालवला त्याच्याच उलट उभं राहणं. मी अजून तिथेच अडकलोय. तू आलीस की समोरासमोर बसून काढू काहीतरी.

घरी सगळे तुझी वाट बघतायत. बाबा तर कामालाच लागलेत. वरच्या खोलीला रंग दिला, फिका गुलाबी, तुला आवडतो म्हणून. आरशाचं नवं कपाट आणलं, चांगलं दणकट आहे, चौघांनी मिळून जिन्यावरून चढवलं. आजीचंही बरं चाललेलं दिसतंय, कारण तिचं बघणाऱ्या बाईंना बाबांनी महिनाअखेरपासून येऊ नका म्हणून सांगितलं. आई म्हणाली, "आता कसं घर भरल्यासारखं वाटंल." एक दिवस येणार म्हणून एवढं कौतुक माझं कधी झालं नाही. मला जरा जळायलाच होतंय.

स्टँडवर घ्यायला येतो.

तुझा,
प्रबुद्ध


वाई
१ डिसेंबर, पहाटे

प्रिय प्रबुद्ध,

ही पिशवी बिराप्पा तुझ्या हातात देतील तेव्हा तू स्टँडवर मला शोधत असशील. शोधू नको. मी गाडीत नाही.

एका दिवसाच्या कामासाठी येणाऱ्या बाईला कुणी कपाट विकत घेत नाही, बाळा. खोलीला रंग दिला, कपाट चढवलं, बाईंना निरोप दिला. एवढं सगळं ठरलं आणि मला कुणी शब्दाने विचारलं नाही. दादाचं काही कपट नाही यात. त्याला विचारायचं सुचलंच नसेल. एकटा जीव सदाशिव, आम्रपालीला काय, बोलावलं की येते. हे घरातल्या प्रत्येकाला लहानपणापासून पाठ आहे, आणि ते पाठ मीच करून घेतलंय.

मी आले असते तर काय झालं असतं ते मला दिसतं. आईच्या पलंगाशी बसले असते. तिने हात धरला असता. वहिनी दमलेली दिसली असती. दादा म्हणाला असता, सहाच महिने. आणि सोमवारी मी डेपोला बिनपगारी रजेचा अर्ज पाठवला असता. मी स्वतःला चांगली ओळखते, म्हणून घरीच थांबले.

तुझं काम राहिलं, त्याचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. डब्यात आईसाठी नाचणीची आंबील वेगळ्या भांड्यात आहे, गरम करून दे.

आत्या


सांगली
४ डिसेंबर

आत्या, जयभीम.

रागात लिहितोय, आधीच सांगतो.

खोली ठरवली होती, मॅडम रविवार मोडून आल्या होत्या, आणि मी पिशवी घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. आता दुसऱ्या कुणाचा तरी आवाज घ्या म्हणाल्या. तेही मी गिळलं. पण घरी गेलो तर बाबा दारातच. "कुठाय आम्रपाली?" मी पिशवी पुढे केली. म्हणाले, "आई हातरुणात हाय, आन ही डबा पाठवती?" बोलाचाली झाली, माझा तोल गेला आणि मी खंडाळ्याचं सांगून टाकलं. तू नको म्हणाली होतीस, तरी सांगितलं. त्यावर बाबा म्हणाले, "माईकवर वराडणारी लय हायत. आईला लेक एकच हाय."

आणि खरं सांगू? मला ते पटलं. तू इथे नसतेस, म्हणून तुला माहीत नाही. आजी सकाळी डोळे उघडते ती तुझं नाव घेत. आम्रपाली, आम्रपाली. आई म्हणते, "येईल हं, येईल ती," आणि तिचं तोंड पुसते. दुपारी पुन्हा तेच. इतक्या हाका ऐकून कुणीही धावत आलं असतं. कपाटाचं वाईट वाटलं, ते मान्य. पण कपाटावरचा राग आजीवर काढायचा?

लोक ताराच्या एका हाकेवर विसंबून लढाईत उतरतात. मी ती तुझ्यावरून केली. मी चुकलो का?

बाबा तुला फोन करणार आहेत.

प्रबुद्ध


वाई
१० डिसेंबर

प्रिय प्रबुद्ध,
जयभीम.

तू घरात सांगितलंस त्याचा राग आला होता. पण सहा तारखेला चैत्यभूमीला जाणाऱ्यांसाठी जादा गाड्या सोडल्या, त्या गर्दीत आपला राग कुरवाळायला सवड कुणाला होती.

रविवारी दादाचा फोन आला. आईच्या उशाशी बसून केला होता, मागे तिचा खोकला ऐकू येत होता. आणि मी म्हटलं, "येते." गेलं तोंडातून. तुम्हा सगळ्यांना कळलं असेलच, आणि कपाटाच्या काचा पुसून झाल्या असतील. फोन ठेवल्यावर मी खूप रडले. मग तोंड धुतलं, भाकऱ्या केल्या, आणि आता लिहायला बसले आहे. इथून पुढचं जेवणं झाल्यावर मोठ्याने वाच. आईसमोर वाच, दादा आणि वहिनीही असू देत. गाळू नको काही.

दादा, जयभीम.

फोनवरचं येते मी मागे घेते. मी रजा काढणार नाही. एक तारखेला खंडाळ्याला हजर होणार.

तू फौजेत होतास तेव्हा या घराला माणूस लागलं की मी आले. वहिनीचं बाळंतपण, आबांचं आजारपण, पोराचा टायफॉइड. आनंदाने आले, उपकार केले नाहीत कुणावर. पण तेव्हा तू सीमेवर होतास. आता तू घरी आहेस आणि तब्येत ठणठणीत आहे. जखमी जवानाला पाठीवर टाकून डोंगर उतरलास, ही गोष्ट तू आम्हाला शंभरदा सांगितलीस. आई त्या जवानापेक्षा हलकी आहे. तिला उठवून बसव. चार पावलं चालव. पेपर वाचून दाखवतोस ते चांगलंच, पण तिची वेणीही घाल. येत नसेल तर शीक, बंदूक खोलून जोडायला शिकलास तसं. अंघोळीचं अवघडल्यासारखं होत असेल तर त्या बाईंना परत बोलव. वहिनीवर टाकू नको, ती शाळा करून दमते.

आई, तुला वाटत असेल की लेक उलटली, तर तसं समज. मी भेटायला येईन, पण माझी सुट्टी असेल तेव्हा येईन आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाईन. तुझ्यावरची माया तसूभर कमी झालेली नाही. पण ही खुर्ची मी माझ्या कष्टाने मिळवली आहे आणि ती मी सोडणार नाही.

मोठ्याने वाचायचं संपलं. आता तुझ्यासाठी, प्रबुद्ध.

तुझी मॅडम म्हणते ते खरं आहे. ज्याच्यासाठी जन्म घालवला त्याच्या उलट उभं राहणं म्हणजे बंड. पण त्याला डोळे लाल करावे लागत नाहीत आणि देऊळ पेटवावं लागत नाही. माझं नाव आईने वैशालीच्या आम्रपालीवरून ठेवलं. भगवान बुद्धांना जेवणाचं आमंत्रण तिने सगळ्यांच्या आधी दिलं होतं. लिच्छवींचे राजकुमार म्हणाले, ते आमंत्रण आम्हाला देऊन टाक, हवं ते माग. ती म्हणाली, सगळी वैशाली दिलीत तरी देणार नाही. तलवार नाही, शिव्याशाप नाहीत. आपलं होतं ते तिने धरून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी प्रेमाने वाढलंही. तुझ्या बाईचं नाव आम्रपाली ठेव. आत्याचा हक्क मी बजावला.

तू विचारलंस, मी चुकलो का. तू चुकला नाहीस. तारा मीच होते. ही पण मीच आहे.

तुझी,
आत्या


सांगली
२२ डिसेंबर

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

वाचलं. सगळ्यांसमोर, मोठ्याने, न गाळता. जवानाचा भाग वाचताना आई पदराआड हसत होती.

टीव्ही बंद होता, तरी बाबा रिमोट घट्ट धरून बसले. मग आजी म्हणाली, "परत वाच. खंडाळ्याचं." मी परत वाचलं. म्हणाली, "म्हंजी सायेब झाली व्हय ती?" मी म्हटलं, हो, तसंच. तेव्हा आई म्हणाली, "पण वन्सं येणार न्हाईत म्हनत्यात. तुमी तर रोज त्यांच्या नावानं हाका मारता." त्यावर आजीने काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

"मी कवा हाका मारल्या? सकाळी तिची गाडी सुटायची येळ असती. पोरगी ड्युटीवर गेली का, एवढंच इचारायचं असतं मला. दुपारी वाटतं, जेवली का. तुमी मला पुढं बोलूच देत न्हाई. येईल येईल करत त्वांड पुसता. तिला बोलवा असं मी म्हनलं का कुनाला? आवं, माझी लेक एसटीत हाय ह्ये त्या दवाखान्यातल्या समद्या बायांना सांगून झालंय माझं."

आत्या, तिने तुला बोलावलंच नव्हतं. तिला विचारायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. मागच्या पत्रात मी जे लिहिलं त्याची मला लाज वाटते. माफ कर.

बाबांनी दोन दिवस धुमसून काढले. मग एके सकाळी मी चहा घ्यायला गेलो तर ते आजीच्या मागे पलंगावर मांडी घालून बसलेले, तोंडात कंगवा. आजी ओरडत होती, "क्येस हायत रं मुडद्या, दावं वळतुयास का काय?" वेणी सैल होते, पण रोज घालतात. बाई परत आल्या. कपाटात आता आजीची औषधं, डायपर आणि बाबांचे फौजेतले कोट आहेत.

आता तुझ्या भाचीसारखी जी आहे तिचं. मी संयोगिता मॅडमना म्हटलं, आम्रपालीला बोलावायचं बटणच ठेवायचं नाही. त्या म्हणाल्या, "वेडा झालास का? जी बोलावता येत नाही ती घेणार कोण?" मी म्हटलं, ती टोळीत असेल, तिचा चेहरा दिसेल, पण ती तिच्या कामात असेल. खेळणाऱ्याने आपली माणसं आपण सांभाळली, पडलेल्याला आपल्या हाताने उठवलं, तर ती तिचं काम संपवून आपल्या पायाने येईल. साडी काळी, डोळे साधे, साखळ्या नाहीत. पुष्कळ वाद झाला. शेवटी सोनमने तसं करून खेळून बघितलं. आधी सवयीने बटण शोधत बसली, मला शिव्या दिल्या. मग तिने तिचे ते किरकोळ शिपाई एकेक करून सावरले, हरत हरत उभी राहिली, आणि आम्रपाली आली. सोनम खुर्चीतून उठून उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, आवाज हवा, आणि त्या बाईचाच हवा.

सांगलीला येऊ नको. तुझ्या स्वयंपाकघरातच फोनवर बोल आणि पाठव. काय बोलायचं ते तूच ठरव.

एक तारखेला माझ्यातर्फे खुर्चीला हात लाव.

तुझा,
प्रबुद्ध


खंडाळा
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रबुद्ध,
जयभीम आणि आशीर्वाद.

आवाज पाठवला होता तो लागला, हे मला तुझ्याआधी स्टँडवरच कळलं. कॉलेजच्या दोन मुली काचेवर टकटक करून म्हणाल्या, "ओ मॅडम, एकदा म्हणा ना, माझी ड्युटी संपली, आता बघते तुमच्याकडं." मी म्हटलं, माझी ड्युटी संपलेली नाही, तुमची गाडी लागली आहे, पळा. खिदळत पळाल्या.

इथे माझं बरं चाललंय. पहिल्या आठवड्यात दोन ड्रायव्हरांनी बाई बघून माज करून बघितला. माझ्या परवानगीशिवाय गाडी मागे घेतली. माइकवरून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं त्यांचं नाव घेऊन गाडी परत फलाटाला लावायला सांगितली. आता दोघंही आल्या आल्या आधी चहा विचारतात.

पण मी लिहायला बसले ते कालच्यासाठी. तू मला काही कळवलं नव्हतंस, लबाडा. शनिवार होता, गर्दी मरणाची. मी साताऱ्याची गाडी पुकारत होते आणि काचेतून सहज बाहेर बघितलं, तर एका गाडीचं दार उघडून दादा कुणाला तरी उचलून घेत होता. दोन्ही हातांवर, सांभाळून, पाय चौकटीला लागू न देता. लुगडं ओळखीचं वाटलं आणि माझा आवाज मधेच थांबला. आई होती. एवढ्या लांबून, त्या खुब्याने. त्याने तिला बाकावर बसवलं, पाठीला उशी लावली, काठी हातात दिली. वेणी खरंच सैल होती.

मी खुर्चीतून अर्धी उठले होते. तेवढ्यात पुण्याची गाडी आत शिरली आणि तिच्या मागे फलटणची. दादा काचेशी आला. म्हणाला, "आम्रपाले, आई आलीया." मी त्याला म्हटलं, "दादा, दोन गाड्या काढते, मग येते. बसा तवर." आणि खाली बसले. माइक पुन्हा तोंडाशी ओढला. दादाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. तो म्हणाला, "हां, हां, काढ," आणि आईशेजारी जाऊन बसला.

मी पुण्याची पुकारली. फलटणची पुकारली. नोंद केली, सही केली. मधे एकजण हरवलेली पिशवी विचारायला आला, त्याचंही बघितलं. आईने एकदाही हात केला नाही. पदर सारखा करून बसली होती, दरवेळी मान वर करून भोंग्याकडे बघत होती, आणि शेजारच्या अनोळखी बाईला काठीने माझी खोली दाखवत होती.

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा आईला थांबायला लावलं. ती थांबली, प्रबुद्ध. माझ्या दोन्ही गाड्या निघेपर्यंत थांबली.

तुझी,
आत्या